अक्रोडाखाली दोन सीट

२८ सप्टेंबर

अगं,

मायन्यात काय लिहावं या विचारात चहा गार झाला. आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मी तुला तसं कधी म्हटलेलं नाही, आणि तू ते तुझ्या ताईंना दाखवून हसशील. घरात 'अगं' म्हणतो, इथेही तेच चालवून घे.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "तुम्ही 'बरं' म्हणता आणि फोन ठेवता. बोलायचं असेल तर लिहा. नुसतं 'बरं' लिहून पाकिटाला तिकीट चिकटवायला माणसाला लाज तरी वाटेल." म्हणून लिहायला बसलो आहे. लायसन्सचे अर्ज सोडले तर मी शेवटचं काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

ताईंचा पाय बरा झाला, त्या काठीशिवाय चालतात, हे मला लेकीकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. म्हणजे आता तू बहिणीच्या पायासाठी तिथे राहिलेली नाहीस, एवढं माझ्याही टाळक्यात शिरलं. जाताना दारात जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती, ती तुम्ही रिटायर होताना काढून आणलीत आणि घरात कपाळावर लावून फिरता." थंडी पडायच्या आत परत येणार की नाही ते कळवीन, असं म्हणाली आहेस. म्हणजे माझ्याकडे पानगळ आहे तेवढीच.

घरची खबर अशी. नळाचा वायसर बदलला. स्वयंपाक करतो, जेवतो, भांडी घासतो. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. स्वयंपाकघरामागची तुझी बाग मात्र हाताबाहेर गेली आहे, गवत गुडघ्याला लागतं. काल बादली ठेवायला म्हणून मागचं दार उघडलं आणि तिथेच उभा राहिलो. ऊन छान पडलं होतं. दर वर्षी याच दिवसांत तू त्या दारात उभी राहून म्हणायचीस, "एवढं सोन्यासारखं ऊन वाया जातंय, बसायला धड जागा नाही." मी 'बरं' म्हणायचो आणि आत जायचो.

तर ती जागा मी करायला घेतली आहे. अक्रोडाखाली. आडोशाची, उबेची, दोघांना पुरेल एवढी. तू त्यावर हो किंवा नाही काही कळवायला पाहिजे असं नाही. कळवलंस तर वाचीन.

— मी

७ ऑक्टोबर

अगं,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला एक ओळ : "शेवंतीला हात लावू नका." मी दोन पानं खरडली आणि त्यावर तुझी ही एक ओळ. 'बरं' ऐकून कसं वाटतं ते आता थोडंफार कळलं म्हणायचं.

शेवंती मजेत आहे.

आता कामाचं. नवा रूट मिळाला की आम्ही पहिल्याच दिवशी स्टिअरिंगला हात लावत नसू. आधी दुसऱ्याच्या शेजारी बसून रस्ता बघायचा. खड्डा कुठे, शाळा कुठे, गुरं कुठून आडवी येतात. बागेचंही मी तसंच केलं. स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं आणि सकाळपासून उन्हाच्या मागे मागे फिरलो. ऊन सरकलं की मी सरकायचो. सकाळी ते भिंतीशी असतं, मग पाण्याच्या टाकीवर चढतं, आणि दुपार कलली की सगळंच्या सगळं अक्रोडाच्या बुंध्याशी येऊन बसतं. उन्हाळ्यात तिथे काळोखी सावली असते म्हणून आपण तिकडे फिरकलोच नाही. आता पानं विरळ झाली आहेत, ऊन आरपार येतं. म्हणजे तुला हवी होती ती जागा होतीच, आपण चुकीच्या महिन्यात बघत होतो.

वाऱ्यासाठी जुन्या चादरीच्या चिंध्या फाडून ठिकठिकाणी बांधल्या. (फुलाफुलांची नाही, ती कपाटात आहे.) वारा टाकी आणि कुंपण यांच्या फटीतून येतो. तिथे बांबूची ताटी उभी करणार आहे. भिंत घातली तर वारा वरून उडी मारतो, ताटीतून गाळून येतो.

शेजारची नर्स, तुझी मैत्रीण, ड्यूटीवरून आल्यावर कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं बघत होती. मी मागच्या दारापासून अक्रोडापर्यंत वाटेसाठी खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. ती म्हणाली, "काका, ही वाट आहे की डेपो? टाकीपाशी केवढं वळण घेतलंय! इथे बस वळवायची आहे का?"

मी म्हटलं, "वळणाला जागा सोडावी लागते."

"कशाला? चहाचा ट्रे घेऊन काकूच येणार ना?"

तिच्या तोंडून 'येणार' ऐकलं आणि मी खुंट्या उपटून वाट निम्मी केली. वाद घातला नाही.

— मी

१८ ऑक्टोबर

अगं,

कागदावरचे तपकिरी डाग चहाचे नाहीत. अक्रोड पडताहेत. हिरवी साल सोलताना हात जे काळे झाले ते साबणालाही दाद देत नाहीत. दुकानात गेलो तर पोरगी सुटे पैसे माझ्या हातावर ठेवेना, काउंटरवर ठेवले.

जागा आकाराला येते आहे. माती उकरली, रेती पसरली, त्यावर विटा बसवल्या. लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, सिमेंट का नाही घातलं? एकदाच काय ते पक्कं होईल." तिला सांगितलं की झाडाची मुळं आहेत, त्यांनाही श्वास घ्यायचा असतो, आणि वीट वर आली तर काढून परत बसवता येते. एवढं लांबलचक वाक्य माझ्याकडून ऐकून ती घाबरली. तब्येत बरी आहे ना, असं दोनदा विचारलं.

टाकीशेजारी झेंडू अजून टिकला आहे. खाली पडलेली पानं मी जाळली नाहीत, एका कोपऱ्यात जाळीत रचून ठेवली आहेत, वसंतापर्यंत खत होईल. फक्त वाटेवरची झाडतो. विटांवर ओली पानं पडली की पाय घसरतो, आणि तू चपलेवर धावतेस. विटांच्या मधोमध शेकोटीसाठी खोलगट जागा ठेवली आहे, डेपोतल्या जुन्या टायरची लोखंडी रिंग तिथे चपखल बसली. सुकी फांदी पुरे होते. काल करून बघितली. एकटाच होतो, पण करून बघणं गरजेचं होतं.

नर्स म्हणते, अक्रोडाखाली सगळीच फुलझाडं तग धरत नाहीत, काही माना टाकतात. मी आपलं सहज विचारलं होतं. शेवंती मजेत आहे.

संध्याकाळी सहज फिरायला म्हणून स्टँडवर गेलो होतो. तुमच्याकडची बस वेळेवर आली. ड्रायव्हर नवखा दिसतो, गाडी फलाटाला तिरकी लावतो, बायामाणसांना केवढी उडी मारून उतरावं लागतं. सगळे उतरेपर्यंत थांबलो आणि घरी आलो.

तुझं कार्ड नाही आलं या वेळी. ताईंकडे कार्डं संपली असतील.

— मी

२७ ऑक्टोबर

अगं,

आज मी खूश आहे, लगेच लिहून टाकतो.

बसायला काय ठेवायचं यावर माझं गाडं अडलं होतं. दुकानातल्या बागेच्या खुर्च्या बघितल्या, प्लास्टिकच्या, पोक काढून बसावं लागतं. मग माझा जुना कंडक्टर भेटला. तोच तो, घशात घंटी असलेला, आपल्या लग्नात पंगतीत "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडला होता तो. तो म्हणाला, आपली जुनी गाडी भंगारात निघाली आहे, कापायला लावायच्या आत ये.

गेलो. गाडीला चाकं नव्हती. आत चढलो तर तोच वास. फार वेळ थांबलो नाही. दाराजवळच्या एकट्याच्या दोन सीट काढून घेतल्या, आणि वरचा आरसा. कंडक्टरनं साहेबांना विचारलं होतं, चोरी नाही.

रेक्झिन फाटलं होतं ते बदललं, हिरवं लावलं. आत नवा स्पंज घातला. वर पत्र्याचं छोटं छप्पर केलं, म्हणजे दवानं भिजायला नकोत. तुझ्या सीटला शाल अडकवायला खुंटी आहे, उजव्या हाताला कप ठेवायला फळी. विटा काढून सीटचे पाय काँक्रीटमध्ये पक्के गाडले. मुळांचं काय, असं लेक विचारील, पण मुळं चुकवून गाडले. आता हत्ती बसला तरी हलायच्या नाहीत. आरसा समोरच्या फांदीला लावला. कशाला ते आलीस की सांगेन.

पुढची सीट माझी, मागची तुझी. दोन्हींची तोंडं झाडांकडे. मधलं अंतर बसमध्ये असतं तेवढंच ठेवलं आहे, पाय लांब करता येतात, गुडघा लागत नाही. मी आज पुढच्या सीटवर बसून पाहिलं. फार बरं वाटलं.

बागेचं काम संपलं म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी गार होतं आहे. तुझा लोकरीचा कोट उन्हात घातला होता.

सहज स्टँडवर गेलो होतो. गाडी अजून तिरकीच लावतो.

— मी

३१ ऑक्टोबर

अहो,

पत्रं मिळाली. तुम्हाला एवढं लिहिता येतं हे मला आत्ता कळतंय, संसार होऊन नात शाळेत जायला लागल्यावर. ताईला वाचून दाखवली. उन्हामागे स्टूल घेऊन फिरलात ते वाचून आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती तिच्या खोलीत गेली आणि मी बॅग काढली. खरंच काढली होती. साड्या घडी घालून झाल्या होत्या.

तेवढ्यात हे पत्र आलं. पुढची सीट माझी, मागची तुझी!

अहो, वर्षानुवर्षं मी तुमच्या बसमधून कामावर गेले ते तुमचं डोकं मागून बघत. तुमच्या मानेवर दोन तीळ आहेत, एक मोठा एक बारका, तुम्हाला तरी माहीत आहेत का? घरी आलात की ताटात बघायचं, नाहीतर पेपरात. रिटायर झालात, मला वाटलं आता समोर बसून चार शब्द बोलाल. आणि तुम्ही हौसेनं बाग केलीत, शालीला खुंटी केलीत, कपाला फळी केलीत, आणि मला परत तुमच्या पाठीमागे नेऊन बसवलंत. तेही काँक्रीटमध्ये!

मुद्दाम केलं असतंत तर भांडले असते. तुमच्या मनातसुद्धा आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बॅग रिकामी करून कपाटावर ठेवली आहे. ताई म्हणते हिवाळा इथेच काढ. मीही तेच ठरवलं आहे.

शेवंतीला पाणी घाला.

३ नोव्हेंबर

अगं,

पत्र मिळालं.

बरं.

— मी

४ नोव्हेंबर

अगं,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून परत काढायला गेलो. मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना, मागे येईना. टपाल कचेरीतल्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, टाकलेलं पत्र सरकारचं झालं." तिकीट चिकटवायला लाज वाटेल असं तू म्हणाली होतीस. चिकटवताना राग होता. लाज नंतर वाटली, घरी येईपर्यंत वाटत राहिली.

राग आला होता मला. महिनाभर कमरेचा काटा ढिला होईपर्यंत राबलो आणि तू पाहिलंही नाहीस, तिथूनच नापास केलंस, असं वाटलं. आज दुपारी तुझ्या सीटवर जाऊन बसलो. पहिल्यांदाच. पुढे माझ्या सीटची हिरवी पाठ, तिच्यापलीकडे काही दिसत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे. कोणीही चिडेल.

पण मान जरा वर केली तर आरसा दिसतो. तो मी कशाला लावला ते आलीस की सांगणार होतो. येणार नसशील तर लिहूनच सांगावं लागेल.

ड्रायव्हरच्या डोक्यावर जो आरसा असतो तो प्रवाशांवर लक्ष ठेवायला दिलेला असतो. मी एकाच प्रवाशावर ठेवलं. तू हॉस्पिटलच्या कपड्यांच्या विभागात नुकती लागली होतीस आणि माझ्या सकाळच्या गाडीला यायचीस. डावीकडची तिसरी सीट, खिडकी. ती रिकामी नसली तर उभी राहायचीस पण दुसरीकडे बसायची नाहीस. मी रस्ता बघत होतोच, सगळ्यांचा जीव हातात होता. पण थांब्यावर, सिग्नलला, फाटक बंद असलं की मी वर बघायचो. लग्न झाल्यावरही बघायचो. लोक लग्नानंतर थांबवतात म्हणे.

तुला डुलकी लागली की तोंड जरासं उघडं राहतं. तुझा थांबा जवळ आला की मी ब्रेक थोडा जोरात दाबायचो, तुला जाग यावी म्हणून. तू सगळ्यांना सांगत फिरलीस की आमच्या ह्यांचा ब्रेकवरचा पाय जड आहे. मी ऐकून घेतलं.

तुझी आई गेली तेव्हा घरी तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. सगळ्यांना जेवायला वाढत होतीस. पुढच्या सोमवारी कामावर निघालीस आणि त्या सीटवर बसून खिडकीकडे तोंड करून रडलीस. त्या दिवशी मी नदीवरचा पूल बैलगाडीसारखा ओलांडला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. पुलानंतर तुझा थांबा होता आणि तुझे डोळे पुसून झाले नव्हते.

नंतर मला लांबचा रूट मिळाला आणि तू दुसऱ्या गाडीनं जायला लागलीस. घरी तू समोर असायचीस, अगदी हाताच्या अंतरावर, आणि मला कुठे बघावं तेच कळायचं नाही. समोरासमोर मला जमत नाही. माणसाच्या डोळ्यात बघितलं की माझे शब्द पळून जातात. आरशात जमायचं. तू मात्र त्यात कधी बघितलं नाहीस, कायम आपली खिडकीबाहेर.

सीट मागेपुढे लावल्या त्या म्हणून. आरसा लावला, सीट लावल्या, मला वाटलं तू परत दिसशील. तुला माझी मान दिसेल हे ध्यानात आलं नाही, ते खरंच.

तू यावंस असं मला वाटतं. थंडी पडली म्हणून नाही, मीठ दोनदा पडतं म्हणूनही नाही. तुझ्याशिवाय मला करमत नाही. हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन वाट झाडून आलो, झाडलेलीच होती.

— मी

१२ नोव्हेंबर

अगं,

तुझं काही आलं नाही. तरी लिहितो. आता सवय लागली आहे, दुपारी हात आपोआप कागदाकडे जातो.

पहार आणून पुढची सीट उपटली. काँक्रीट इतकं पक्कं घातलं होतं की घालणाऱ्याला शिव्या देत होतो. नर्स कुंपणावरून म्हणाली, "काका, कोणी घातलं हो हे? चांगला कारागीर दिसतो." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागची सीट निघत नाही, तिच्याखाली मूळ सापडलं. ती तुझी आहे, तिथेच राहू दे म्हटलं. उपटलेली भिंतीला टेकवून ठेवली आहे. कुठे लावू? तुझ्या समोर लावली तर मी परत पायांकडे बघत बसेन. मला ठरवता येत नाही, म्हणून तशीच ठेवली आहे.

काल सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. झेंडू एका रात्रीत काळा पडला. कुंड्या पडवीत घेतल्या. ताटीच्या कडेनं लसूण लावला आणि वाटेच्या वळणावर नर्गिसचे कंद पुरले. दुकानदार म्हणाला, थंडी खाल्ल्याशिवाय ते फुलत नाहीत, आत्ता पुरायचे आणि विसरून जायचं. वळण अजून थोडं मोठंच आहे, पण कंदांना जागा झाली. फुलतील तेव्हा मागच्या दारातून दिसतील.

शेकोटी रोज करतो. अक्रोड भाजून बघितले. दोन माणसांचे होतात, एकट्यानं खाल्ले आणि पोट दुखलं.

लेक विचारत होती, आई कधी येणार. मी म्हटलं, तिचं ती ठरवेल. मग आणखीही बोललो बराच वेळ, काय ते तिलाच विचार. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, ठेवू का आता फोन?"

स्टँडवर गेलो होतो. सहज नाही. रोज जातो. त्या पोराला एकदाचं सांगितलं की बाबा रे, फलाटाला गाडी सरळ लाव, आतून म्हातारी माणसं उतरतात. आता सरळ लावतो.

— मी

१७ नोव्हेंबर

अहो,

तुमचं चार तारखेचं पत्र ताईला वाचून दाखवलं नाही. तिनं मागितलं, मी दिलं नाही. 'बरं' वालं दाखवलं. ते तिनं चुलीत घालायला सांगितलं. घातलं नाही, ठेवलं आहे, पुढे कधी लागेल.

उत्तर द्यायला उशीर झाला. रोज लिहायला बसायची आणि तुमच्यासारखी उठून झाडू हातात घ्यायची.

तुम्ही लिहिलंय, मी आरशात कधी बघितलं नाही, कायम खिडकीबाहेर. अहो, बघत होते. तुमचं लक्ष रस्त्यावर असलं की बघायची. तुमचे डोळे वर आले की मान खिडकीकडे. आधी लाजून, मग सवयीनं. ती सीट मी काय खिडकीसाठी धरून ठेवायची? बाहेर रोज तेच गोदाम आणि तीच भिंत. तिथूनच तुम्ही पुरते दिसायचात म्हणून. तुम्हाला वाटलं मी बघत नाही, मला वाटलं तुम्ही मागे कोणाचं तिकीट राहिलंय ते बघताय. दोघं एकाच आरशात डोकावत राहिलो आणि एकमेकांना चुकवत राहिलो. आपल्याइतके शहाणे आपणच.

पुलाचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं पुलाचं काम चाललंय. मागचा माणूस तुम्हाला शिव्या देत होता, आणि खरं सांगते, डोळे पुसता पुसता मनातल्या मनात मीही दिली होती एक. ती परत घेते. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी त्या पुलासाठी परत एकदा रडले. ताईला सांगितलं कांदा चिरतेय.

ब्रेकचं मात्र माफ करणार नाही. एकदा माझी जीभ चावली गेली होती.

उपटलेली सीट माझ्या शेजारी लावा. समोर नको, शेजारी, आणि जराशी माझ्याकडे तिरकी. म्हणजे तुम्हाला समोर झाडं दिसतील, आणि मान वळवलीत तर मी. वळवत जा अधूनमधून. तीळ बघून कंटाळले, आता नाक बघू दे. आरसा काढू नका. ज्या दिवशी तुमच्या तोंडाला कुलूप लागेल त्या दिवशी दोघं त्यात बघू. आणि मेहेरबानी करून काँक्रीट घालू नका, मला ऊन जाईल तशी तुमची सीट सरकवायची आहे.

शनिवारच्या दुपारच्या बसनं निघते. गाडी आता सरळ लावतात म्हणताय, तर उतरायला हात नाही दिलात तरी चालेल. पण द्या.

नर्सचं पत्र होतं. तुम्ही वाटेसाठी माझी शेवंती उपटून अक्रोडाखाली लावलीत, तिनं मान टाकल्यावर रात्रीतून परत जागेवर नेलीत, आणि आता ती कुंडीत, पडवीत माझा लोकरीचा कोट पांघरून बसली आहे, असं तिनं कळवलंय. त्याबद्दल मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचं आहे.